तीन ऑक्टोबरचं आकाश

पहिला बार फुटला तेव्हा रानहंसांची रांग मधोमध तुटली, पण एकही पक्षी मागे फिरला नाही. खालचा तुकडा थोडा वर चढला आणि धावपट्टी ओलांडेपर्यंत रांग पुन्हा जशीच्या तशी जुळली. कंट्रोलरांनी बंदुकीत दुसरं काडतूस भरलं. बंदूक नावालाच. तिच्यातून गोळी सुटत नसे, फक्त आवाज निघे. दुसरा बार त्यांनी गरज नसताना काढला. हंस तोवर पलीकडच्या तळ्यात उतरायलाही लागले होते.

त्यांनी घड्याळात पाहिलं, खिशातली वही काढली आणि लिहिलं: सहा पस्तीस, त्रेचाळीस, उत्तरेकडून.

"कुठून येता आणि कुठे जाता ते एकदा कळू दे," रिकाम्या आकाशाकडे बघत ते म्हणाले. "मग बघतो तुमच्याकडे."

कंट्रोलर हे त्यांचं जुनं नाव. एकतीस वर्षं ते बस डेपोच्या फाटकाशी असलेल्या काचेच्या खोलीत बसले होते. गाडी आली की वेळ लिहायची, गेली की वेळ लिहायची. निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची बायको माहेरच्यांना सांगायची की मुलगा झाला तेव्हा नर्स बातमी द्यायला बाहेर आली, तर ह्यांनी आधी विचारलं, "किती वाजता?"

तो मुलगा मोठा होऊन गावाबाहेरच्या विमान प्रशिक्षण केंद्रात मेकॅनिक झाला. तिथे त्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण खिशात पाना नसलेला त्याला कुणी पाहिलाच नव्हता. इंजिन सुरू केलं की तो डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचा. जेवताना कुकरची शिटी वाजली तरी म्हणायचा, "आई, रिंग गेलीये ह्याची." आणि रिंग खरंच गेलेली असायची.

तीन वर्षांपूर्वीच्या तीन ऑक्टोबरला, सकाळी सात चाळीसला, केंद्राचं दोन आसनी विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे पडलं. केंद्राचे प्रमुख, कॅप्टन, विमान चालवत होते. पाना शेजारी बसला होता. कॅप्टनांचा खांदा मोडला. पाना गेला.

खांदा गळ्यात बांधलेला असतानाच कॅप्टन त्यांच्या घरी आले होते. जमिनीवर बसले, रडले. म्हणाले, हंसांचा थवा समोर आला. त्या वर्षी पाखरं लवकर उतरली होती. पंख्यावर दोन आदळले आणि सगळं संपलं. पानाचा दोष नाही, माझा नाही, कुणाचाच नाही. पुढे डिसेंबरात बाहेरगावचे दोन अधिकारी चौकशीला आले, तेव्हा धावपट्टीवर सकाळ-संध्याकाळ हंसच हंस होते. त्यांनी वर पाहिलं, मान डोलावली आणि अहवालात लिहिलं: कारण, पक्ष्यांची धडक. पुरावा म्हणून फायलीत एक करडं पीसही लावलं.

कंट्रोलरांना त्या दोन शब्दांनी आधार दिला. नशीब, देव, दैव यांच्यावर दात-ओठ खाऊन उपयोग नसतो, कारण ते दिसत नाहीत. हंस दिसत होते. जानेवारीत निवृत्ती आली, आणि त्याच आठवड्यात ते कॅप्टनांकडे जाऊन म्हणाले, मला पाखरं हाकलायचं काम द्या. कॅप्टनांनी खिडकीतून धावपट्टीकडे पाहिलं, मग हो म्हणाले.

तेव्हापासून तीन हिवाळे ते धावपट्टीच्या टोकाला उभे होते. हंस कधी येतात, किती येतात, कुठल्या दिशेने जातात, सगळं वहीत होतं. बायकोला हे पटत नव्हतं. पाखरांनी काय तुमचं घोडं मारलंय, ती सुरुवातीला म्हणाली होती. ते म्हणाले, घोडं नाही, पोरगं मारलंय. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

नुसत्या आवाजाने त्यांचं समाधान होईनासं झालं होतं. ह्या नोव्हेंबरात त्यांनी उंदराचं औषध आणलं, दोन किलो गव्हाला चोळलं, वाळवलं आणि जाड पिशवीत भरलं. आता फक्त हंस चरायला नेमके कुठे उतरतात ते कळायला हवं होतं. तळं मोठं होतं आणि पलीकडचा काठ त्यांना धावपट्टीवरून दिसत नव्हता.

तळ्यावरचे पक्षी मोजणाऱ्या एक बाई होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि दर रविवारी दुर्बीण घेऊन काठावर बसायच्या. कंट्रोलर शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात गेले. विषाची पिशवी खांद्याला होती. तिथून तसंच तळ्यावर जायचा बेत होता.

बाईंना आनंद झाला. एवढ्या वयाचा माणूस आपणहून हंसांची चौकशी करायला आला, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी बसायला बाक दिला, आणि तो पहिलीतल्या मुलांचा असल्यामुळे कंट्रोलरांचे गुडघे छातीशी आले. बाई सांगत गेल्या. हे पक्षी उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरांपलीकडून येतात. विमानं जातात तेवढ्या उंचीवरून डोंगर ओलांडतात. जोडी जमली की बहुधा जन्मभर टिकते. मार्च संपता संपता परत जातात, पिल्लं तिकडेच काढतात.

"तिकडे म्हणजे नेमकं कुठे?" कंट्रोलरांनी विचारलं.

"तेच तर आम्ही शोधतोय," बाई हसून म्हणाल्या. "तुम्हालाही उत्सुकता लागली म्हणायची."

कंट्रोलरांनी पिशवी पायाशी ओढून घेतली.

मग बाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. हंसांची पहिली जोडी तळ्यावर कधी दिसली, त्याच्या चौदा वर्षांच्या तारखा. मुलांनी रंगीत खडूने लिहिलेल्या. कंट्रोलरांची नजर आयुष्यभराच्या सवयीने रकान्यावरून खाली घसरत गेली. नऊ नोव्हेंबर. बारा नोव्हेंबर. सहा नोव्हेंबर. ऑक्टोबर कुठेच नव्हता.

"तीन वर्षांपूर्वी लवकर आले होते," ते म्हणाले. "ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच."

"छे. त्या वर्षी उलट फार उशीर केला त्यांनी. मला पक्कं आठवतंय, आम्ही रोज जाऊन हात हलवत परत येत होतो. हे बघा, एकोणीस नोव्हेंबर."

"एखादा थवा तुमच्या नजरेतून सुटला असेल."

"तीन ऑक्टोबरला? काका, तेव्हा ते डोंगरांच्या पलीकडे असतात."

कंट्रोलरांनी तारीख सांगितली नव्हती. बाईंनाच ती आठवली. छोटं गाव होतं, अपघात सगळ्यांना माहीत होता, आणि समोर कोण बसलंय ते बाईंना त्या क्षणी कळलं. त्यांचा चेहरा उतरला. चौकशीला आलेल्यांनी तुम्हाला विचारलं नाही का, असं कंट्रोलरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, पक्ष्यांची धडक एवढंच ऐकलं होतं, ते पक्षी हंस होते असं कुणी सांगितलंच नाही.

कंट्रोलर उठले. एकतीस वर्षांत त्यांच्या फाटकाशी किती अपघात झाले, किती ड्रायव्हरांनी एकमेकांवर ढकलले. प्रत्येक वेळी त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती: गाडी तेव्हा डेपोत होती का. जी गाडी आलीच नव्हती, तिने कुणाला उडवलं नव्हतं.

ते तळ्यावर गेले नाहीत. घरी जाऊन पिशवी माळ्यावर टाकली. बायको जेवायला वाढत होती. तिला त्यांनी काही सांगितलं नाही, पण त्या रात्रीपासून मनातल्या मनात ते कॅप्टनला 'अरे' म्हणू लागले.

सोमवारी पिशवीतले चार दाणे आणि तळाची भुकटी कागदात बांधून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. रोज दहा वाजता कॅप्टन त्यांना ऑफिसात बोलवायचा आणि स्वतःच्या हाताने चहा ओतून द्यायचा. तीन वर्षांत हा नेम चुकला नव्हता. साहेब असून आपल्याला मानतो, याचं कंट्रोलरांना कौतुक वाटत आलं होतं. आता ते खुर्चीत बसून त्याच्या हाताकडे बघत राहिले. हा माणूस तीन वर्षं खिडकीतून मला पाखरांवर बार काढताना बघत होता. प्रत्येक बार ऐकत होता. आणि दहा वाजता विचारत होता, साखर बरोबर आहे ना?

फडताळावर काचेच्या बरणीत हंसांची पिसं होती. शिकाऊ पोरं दर हिवाळ्यात धावपट्टीवरून उचलून आणायची. करडी, एकसारखी, फायलीतल्या पिसासारखीच. तीही कंट्रोलर रोज बघत आले होते.

फोन वाजला आणि कॅप्टन बाहेरच्या खोलीत गेला. टेबलावर दोन कप होते. कंट्रोलरांनी खिशातून पुडी काढली, उघडली आणि त्याच्या कपावर धरली. बाहेर तो टायरच्या भावावरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

त्यांना दया आली नाही. पापाची भीतीही वाटली नाही. फक्त एवढंच सुचलं की हा आत्ता मेला तर हंसच दोषी राहतील. फाइल तशीच राहील, पीस तसंच राहील, आणि ह्याच्या फोटोला हार घालून लोक म्हणतील की किती भला माणूस होता, त्या म्हाताऱ्याला रोज चहा पाजायचा. हे काही त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी पुडी मिटली. कॅप्टन परत आला, आणि कंट्रोलर आपला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

केंद्रात रोज सकाळी सात वाजता हजेरी होत असे. वीस-बावीस शिकाऊ वैमानिक रांगेत उभे राहत, कॅप्टन समोर. एक जण वाऱ्याची नोंद वाचायचा, मग कंट्रोलर पक्ष्यांची नोंद वाचायचे. मंगळवारी त्यांनी वाचलं, "धावपट्टीवर टिटव्या सहा, तळ्याच्या बाजूला हंस साठ. तीन वर्षांपूर्वी, तीन ऑक्टोबरला सकाळी सात चाळीसला, हंस शून्य. ते एकोणीस नोव्हेंबरला आले."

वही मिटून ते बाजूला झाले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याला मधूनच मुलाची आठवण येते, असं त्यांना वाटलं असावं. कॅप्टन पुढचं काहीतरी बोलणार होता, ते तो विसरला.

दहा वाजता चहा आला नाही. अकरा वाजता कॅप्टनने बोलावून घेतलं आणि फार मऊ आवाजात सांगितलं की तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, महिनाभर रजा घ्या. कंट्रोलर म्हणाले, नको. मग तो म्हणाला, मला तुम्हाला कामावरून काढावं लागेल. कंट्रोलर म्हणाले, जरूर काढा साहेब, पण लेखी काढा, आणि कारण लिहा.

त्याने लिहिलं नाही.

बुधवारी कंट्रोलरांनी वाचलं, "ढोकरी दोन, हंस बावन्न. तीन ऑक्टोबरला हंस शून्य." गुरुवारी वाचलं. शुक्रवारी धुकं होतं, उड्डाणं रद्द होती, तरी हजेरी झाली आणि त्यांनी वाचलं. आवाज चढवला नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही. डेपोत ध्वनिक्षेपकावर गाडीची वेळ सांगायचे, त्याच सपाट सुरात. आता पोरं त्यांच्याकडे बघेनाशी झाली होती. ती कॅप्टनकडे बघत होती.

कॅप्टनची दाढी राहू लागली. एकदा त्याने हजेरीची वेळ अर्धा तास अलीकडे आणली, तर कंट्रोलर अर्धा तास आधी येऊन उभे होते. वेळेच्या बाबतीत त्यांना गाठणं कुणाला जमलं नव्हतं. घरी ते नीट जेवू लागले होते. दुसरी पोळी मागून घेताना बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, कुणाच्या राशीला लागलाय? तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती ताट उचलायची थांबली. पोळीचा डबा तसाच उघडा राहिला आणि पोळ्या वाळल्या.

नवव्या दिवशी शिकाऊंमधल्या एका मुलीने, रांगेतून, हात वर न करता विचारलं, "मग त्या दिवशी झालं काय होतं, सर?"

कॅप्टनने हजेरी मोडली. तासाभराने तो चालत धावपट्टीच्या टोकाला आला. कंट्रोलर बंदूक घेऊन उभे होते. तळ्यावरून थवा उठला आणि दोघांच्या डोक्यावरून गेला. त्यांनी बार काढला नाही.

कॅप्टन उभ्या उभ्या बोलला, धावपट्टीकडे बघत. आदल्या दिवशी पानाने सांगितलं होतं की इंधनाच्या पंपाचा आवाज बरोबर नाही, विमान उडवू नका, नवा पंप येऊ दे. पण दुसऱ्या दिवशी केंद्राच्या परवान्याची तपासणी होती. विमान उडतं आहे असं कागदावर दिसायला हवं होतं. कॅप्टन म्हणाला होता, एकच चक्कर, पाच मिनिटं. पाना नाही म्हणत राहिला.

"मग तो आत का बसला?" कंट्रोलरांनी विचारलं. तीन वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"मी ऐकत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग मी सोबत येतो. आवाज बदलला तर लगेच सांगतो." कॅप्टन थांबला. "त्याने सांगितलं. दोनदा सांगितलं."

कंट्रोलरांनी बंदूक जमिनीवर ठेवली. हातात राहिली असती तर दस्त्याने त्याचं डोकं फोडलं असतं, हे त्यांना कळत होतं.

"मी काय करू, सांगा," कॅप्टन म्हणाला.

"उद्या सात वाजता हे सगळं तुम्ही सांगायचं. पाना काय म्हणाला तेसुद्धा. मी उद्या वही आणणार नाही."

"माझं सगळं जाईल."

"जाऊ दे की," कंट्रोलर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने सांगितलं. कंट्रोलर रांगेच्या शेवटी उभे होते. शब्द चुकला की ते मान हलवायचे, आणि कॅप्टन ते वाक्य पुन्हा म्हणायचा. 'दोनदा' हा शब्द त्याने गाळला होता, तो त्यांनी घालायला लावला. मग पत्र गेलं, पुन्हा अधिकारी आले, आणि ह्या वेळी शाळेतल्या बाईंना तक्ता घेऊन बोलावलं गेलं. कॅप्टनचा उडवायचा परवाना गेला, पद गेलं, केंद्राने दिलेलं घर आणि गाडी गेली. पुढे खटला उभा राहायचा होता. नव्या अहवालात लिहिलं होतं की मेकॅनिकने उड्डाणास स्पष्ट विरोध केला होता. कंट्रोलरांनी ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आता बरं वाटतंय का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "थोडंसं. अजून हवं होतं."

विषाचे गहू त्यांनी खोल खड्डा करून पुरले. पाखरं हाकलायचं काम सोडलं.

मार्चमधल्या एका रविवारी, पाच वाजता, दाराची बेल वाजली. दारात कॅप्टन होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्याने धापा टाकत होता. अंगावर गणवेश नव्हता, त्यामुळे क्षणभर ओळख पटली नाही. म्हणाला, मला त्याच्या आईला भेटायचं होतं. कंट्रोलर दारातून हलले नाहीत. बायकोच आतून आली, ओले हात पदराला पुसत, आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्याशी उभी राहिली.

त्याला जे म्हणायचं होतं ते तो म्हणाला. माफीचं बोलला, पानाच्या कानाबद्दल बोलला, मध्ये रडला. तिने सगळं ऐकून घेतलं. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर जिन्यात फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्हाला धाप लागलीये, दिसतंय मला," ती म्हणाली. "मी पाणी विचारलेलं नाही. विसरले म्हणून नाही."

त्याने मान हलवली, वळला आणि कठड्याला धरून जिना उतरला. तिने दार लावलं.

कंट्रोलर गॅलरीत आले आणि कठड्यावर एक कोपर टेकवून उभे राहिले. समोरच्या बसथांब्यावर कॅप्टन जाऊन उभा राहिला होता. रविवारी त्या थांब्यावर साडेचारनंतर एकही बस येत नसे. ते वेळापत्रक कंट्रोलरांनीच बारा वर्षांपूर्वी बसवलं होतं. फलकावरचे आकडे पुसले गेले होते, नव्या माणसाला कळायची सोय नव्हती.

बायको बाहेर आली. तिनेही खाली पाहिलं.

"बस नाही ना आता?"

"नाही."

"मग सांगा त्याला. किती वेळ उभा राहील?"

"सांगतो," कंट्रोलर म्हणाले.

इमारतींच्या मागून आवाज आला आणि हंस वर आले. एक लांबलचक रांग, तिच्यामागे दुसरी, खूप उंचावर, उत्तरेकडे. थांब्यावरच्या माणसाने कपाळावर हात धरून वर पाहिलं. रांगा पाण्याच्या टाकीपलीकडे जाईपर्यंत तो त्यांच्याबरोबर सबंध अंगाने वळत गेला. बायकोही मान वर करून बघत राहिली.

"एवढे सगळे आता कुठे पोचतील?" ती म्हणाली.

कंट्रोलर आकाशाकडे बघत नव्हते. खाली कॅप्टन पुन्हा रस्त्याच्या कडेला आला होता आणि बस कुठल्या बाजूने येईल याचा अंदाज घेत दोन्हीकडे बघत होता.

"सांगताय ना?"

"सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा कोपरही कठड्यावर टेकवला.